हिगो शैलीची लोखंडी त्सुबा: खरेदीनंतर वर्षभराने

जपानी तलवारीचे पाते आणि मूठ यांच्यामध्ये बसणाऱ्या, आपल्याकडच्या परजेप्रमाणे हाताचे रक्षण करणाऱ्या चकतीला त्सुबा म्हणतात. गेल्या हिवाळ्यात टोकियोतील जुन्या शस्त्रांच्या एका लहान दुकानातून मी एकोणिसाव्या शतकातील अशी एक लोखंडी त्सुबा १,१०,००० येनांना घेतली. ती हिगो शैलीची, म्हणजे आजच्या कुमामोतो भागातील आहे. चहासमारंभाचे जाणकार असलेल्या होसोकावा घराण्याच्या आश्रयाने ही शैली वाढली, आणि तिचा संयम या साडेसात सेंटिमीटरच्या चकतीतही जाणवतो: पंख पसरलेल्या क्रौंचाची जाळी आणि कडेने सोन्याची बारीक वेल, एवढेच काम.

सोन्याची वेल दोन ठिकाणी झिजली आहे. मला तो दोष वाटत नाही, कारण सोने जिथून गेले तिथे लोखंडावर छिन्नीने मारलेल्या आडव्याउभ्या सूक्ष्म रेघा भिंगातून स्पष्ट दिसतात. या खरखरीत पृष्ठभागावर सोन्याचा पातळ पत्रा दाबून बसवतात. जपानी कारागीर या कामाला नुनोमे-झोगान म्हणतात, आणि राजस्थानातील कोफ्तगिरीची रीतही हीच आहे. तरीही या वस्तूचे खरे मोल मी लोखंडातच मानतो. त्यावर मुद्दाम आणलेला काळा, किंचित जांभळट झाक असलेला गंज हाताला मेणासारखा मऊ लागतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. मधल्या भोकाच्या टोकांना, पाते घट्ट बसावे म्हणून ठोकलेले तांब्याचे तुकडे शाबूत आहेत, म्हणजे ही त्सुबा खरोखर तलवारीवर चढलेली असावी.

दुकानदारांनी ती निःसंकोच हातात दिली, खिडकीच्या उजेडात नेऊ दिली आणि शैलीची नोंद असलेले होझोन, म्हणजे वस्तू अस्सल आणि जतन करण्याजोगी असल्याचे, प्रमाणपत्रही दाखवले. तक्रार एकच, पण ती गंभीर आहे: जाळीच्या आतल्या भिंतीवर लाल गंजाचा ठिपका होता आणि त्याचा उल्लेख वर्णनात नव्हता. काळा गंज स्थिर असतो, लाल गंज लोखंड खात जातो, त्यामुळे ही माहिती ग्राहकाला आधीच मिळायला हवी होती. कळवल्यावर त्यांनी काही रक्कम परत केली आणि रसायन किंवा पॉलिश अजिबात न लावता हाडाच्या टोकदार तुकड्याने ठिपका हळूहळू खरवडायला सांगितले. तीन महिन्यांत तो गेला. भोवतालच्या काळ्या थराला ओरखडाही पडला नाही.