हेंडन मॉब: पोकरपटूची 'कमाई' पाहताना हे पान कसं वाचावं

व्यावसायिक पोकरपटू खरोखर किती श्रीमंत असतात, हा वाद सुरू झाला की कुणीतरी हमखास हेंडन मॉब उघडतं. लंडनच्या चार खेळाडूंनी सुरू केलेलं हे संकेतस्थळ 2013 मध्ये पोकरपटूंची क्रमवारी लावणाऱ्या ग्लोबल पोकर इंडेक्सकडे गेलं. ते फुकट आहे, आणि लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष टेबलावर होणाऱ्या, स्पर्धांच्या निकालांची इतकी मोठी नोंदवही दुसरीकडे मिळणं कठीण. नाव टाकलं की तारीख, स्पर्धा, क्रमांक, स्थानिक चलनातलं बक्षीस आणि डॉलरमधली रक्कम ओळीने दिसते. या कामात त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

घोळ होतो तो वरच्या 'एकूण लाइव्ह कमाई'च्या आकड्यात. ती निव्वळ बक्षिसांची बेरीज आहे. गल्ल्यात आलेला पैसा म्हणजे नफा नव्हे, तसंच हेही. बाय-इन, म्हणजे प्रवेश फी, वजा होत नाही आणि रिकाम्या हाताने उठलेल्या स्पर्धा पानावर येतच नाहीत. 25,000 डॉलरच्या स्पर्धेत कुणी तीन बुलेट घातल्या, म्हणजे बाद झाल्यावर री-एन्ट्री घेत एकूण तीनदा प्रवेश घेतला आणि 75,000 भरले, आणि 50,000 चं बक्षीस घेतलं, तर पानावर 50,000 ची कमाई दिसेल. प्रत्यक्षात खिशातून 25,000 गेलेले असतात.

मोठ्या आकड्यांत तर जपूनच राहावं. 2019 च्या लंडनमधल्या ट्रायटन मिलियनचं बाय-इन 10 लाख 50 हजार पौंड होतं. ब्रिन केनी दुसरा आला, पण शेवटच्या दोघांत बक्षीस वाटून घेण्याची डील झाल्यामुळे विजेत्या एरन झँगपेक्षा जास्त, सुमारे 1 कोटी 69 लाख पौंड, त्याच्या नावावर लागले. अशा स्पर्धांत आपल्या प्रवेशाचे आणि बक्षिसाचे हिस्से इतरांना विकणं सर्रास चालतं. कुणाचा स्वतःचा वाटा किती, हे कुठलंही पान दाखवत नाही. जेमी गोल्डच्या नावापुढे 2006 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे 1 कोटी 20 लाख डॉलर पूर्ण दिसतात, पण त्यातल्या निम्म्यावर दुसऱ्याने दावा लावला होता आणि पुढे प्रकरण तडजोडीने मिटलं.

अंदाज काढायचाच असेल तर एक वर्ष निवडा. स्पर्धेच्या नावातच बहुधा बाय-इन लिहिलेलं असतं. साधारण 15 टक्के प्रवेशांना बक्षीस मिळतं; चांगल्या खेळाडूसाठी 20 धरा. समजा वर्षात 12 बक्षिसं दिसतात, म्हणजे सुमारे 60 प्रवेश. सरासरी बाय-इन 5,000 डॉलर असेल तर 3 लाख भरले. पानावर 4 लाख असतील तर उरले 1 लाख. बॅकरशी, म्हणजे बाय-इनचे पैसे लावणाऱ्याशी, निम्मा-निम्मा करार असेल तर 50,000, तेही आधीचा मेकअप, म्हणजे बॅकरचा साचलेला तोटा, फिटल्यावर. यातूनच विमान, हॉटेल आणि कर. करात देशागणिक मोठी तफावत पडते: ब्रिटनमध्ये अशा बक्षिसांवर कर नाही, भारतात सपाट 30 टक्के अधिक उपकर, आणि इतर स्पर्धांत हरलेले बाय-इन त्यातून वजा होत नाहीत.

उलट बाजूनेही हे पान फसवतं. कॅश गेम, म्हणजे स्पर्धेबाहेर थेट पैशांवर खेळलेले डाव, त्यात नाहीत. 2023 मध्ये लॉस एंजेलिसच्या थेट प्रक्षेपणात टॉम ड्वॉनने जिंकलेला सुमारे 31 लाख डॉलरचा पॉट, म्हणजे एका डावात जमलेली रक्कम, त्याच्या एकूण आकड्यात नाही. कॅश गेमवर जगणाऱ्याचं पान रोडकं दिसतं आणि तरी तो गबर असू शकतो.

गोव्यातल्या डेल्टिन कॅसिनोच्या स्पर्धाही इथे सापडतात. तिथे डॉलरचा रकाना सोडून रुपयांचा बघा, म्हणजे बाय-इनशी सरळ ताळा घालता येतो. संकेतस्थळाने प्रत्येक नोंदीपुढे री-एन्ट्रींची संख्या देण्याची सोय केली, तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतील. आयोजकांकडे ती माहिती असतेच.