केबल नको म्हणून ६ जीबी, की एसएमपीएस बदलून ८ जीबी?

जुन्या पीसीत कमी बजेटमधे गेमसाठी ग्राफिक्स कार्ड टाकायचं म्हटलं की चार दिवस शोधाशोध करून बहुतेक जण दोनच नावांवर येऊन थांबतात. एक एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मेमरीवालं मॉडेल, ज्याला वेगळी पॉवर केबल लागतच नाही, जुनं काढा नवीन बसवा, संपलं. दुसरं एएमडीचं आरएक्स ६६००, ८ जीबी, त्याला ८ पिनची केबल लागते आणि तिथेच जुन्या पीसीवाल्यांची गाडी अडते, कारण आता एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) पण बदलायचा का ही धास्ती. मी या दोघांच्या मधे दीड महिना लटकलो होतो, शेवटी एक घेतलं. त्यामुळे जे सांगतोय ते वापरून सांगतोय, पण माझा पीसी, माझे गेम, माझा मॉनिटर धरून. तुमचं गणित वेगळं येऊ शकतं.

माझ्याकडे रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १०८० पी चा ७५ हर्ट्झ मॉनिटर आणि एनव्हिडियाचं १०५० टीआय कार्ड होतं. त्या कार्डाने खरंच खूप साथ दिली, २०१६ मधे आलेलं मॉडेल आहे ते. पण ४ जीबी मेमरी आता कुठेच पुरेना, आणि एनव्हिडियाने त्या पिढीचे गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठी सुधारलेलं कार्डाचं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ मधे थांबवले, पुढे फक्त सिक्युरिटी अपडेट, तेही २०२८ पर्यंत. म्हटलं आता बदलूच.

(कार्डाआधी एक बघून घ्या, रॅमची एकच स्टिक लावलेली असेल तर तशीच दुसरी आधी टाका. आणि तुमचा गेम प्रोसेसरवर अडकतोय की कार्डावर ते बघा. कार्ड ६० टक्क्यांवर निवांत बसलंय आणि तरी गेम अडखळतोय, असं असेल तर नवीन कार्डाने फार काही हाती लागणार नाही.)

जी कार्डं मी पटकन बाजूला ठेवली ती पटकनच सांगतो. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ४ जीबी मेमरी आणि बोर्डाशी डेटाची ने-आण करायला फक्त ४ लेन. पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड जोडणारी वाट) ४ च्या बोर्डावर ते एक वेळ निभावेल पण आपल्या जुन्या पीसीआयई ३ बोर्डावर त्या लेनचा वेग निम्मा होतो, त्यात व्हिडिओ एनकोडर नाही म्हणजे गेमप्ले रेकॉर्ड करायचा तर भार प्रोसेसरवर. इंटेलचं आर्क बी५८० मला मनापासून आवडलं होतं, १२ जीबी मेमरी या बजेटच्या आसपास दुसरं कोण देतं! पण आर्कला रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतोच असं इंटेल स्वतः सांगते, आणि प्रोसेसर जुना असला की बी५८० चा वेग पडतो हे बऱ्याच टेस्टमधे दिसलंय. नव्या पीसीत मी तेच घेतलं असतं. सेकंडहँड १६६० सुपर पण डोक्यात होतं, पण २०१९ चं कार्ड, आधी कुठे किती राबलंय ते कळायला मार्ग नाही, आणि डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून स्पष्ट दाखवायची एनव्हिडियाची सोय) चालत नाही.

राहिले दोघं.

३०५० ६ जीबी घेताना एक काळजी घ्या, ३०५० याच नावाने दोन वेगळी कार्डं आहेत. जानेवारी २०२२ मधे आलं ते ८ जीबीचं, १३० वॅट, केबल लागते. फेब्रुवारी २०२४ मधे आलं ते ६ जीबीचं, ७० वॅट. फरक फक्त २ जीबीचा आहे असं वाटतं पण तसं नाही, कोअर पण कमी केलेत (२५६० चे २३०४) आणि मेमरीचा वेग २२४ जीबी प्रति सेकंदवरून १६८ वर आलाय. नावात हा फरक नीट दिसत नाही याचा मला राग आहे, कारण घाईत घेणारा माणूस ८ जीबीचे व्हिडिओ बघून ६ जीबीचं कार्ड घरी आणतो.

पण ७० वॅट ही गोष्ट खरंच मोठी आहे. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅट देतो, म्हणजे हे कार्ड सगळी वीज तिथूनच घेतं. ऑफिसचे जुने ब्रँडेड पीसी असतात ना, ज्यांचा एसएमपीएस त्यांच्याच मापाचा, त्यांच्याच कनेक्टरचा असतो आणि सहज बदलता येत नाही, त्यांच्यासाठी हे वरदानच. बारीक कॅबिनेटमधे बसणारी बुटकी मॉडेलं पण मिळतात. शिवाय डीएलएसएस. हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो की १०८० पी ला अपस्केलिंग लावलं की डीएलएसएसचं चित्र एएमडीच्या तशाच एफएसआरपेक्षा स्वच्छ दिसतं, विशेषतः तारा, जाळ्या, झाडांची पानं, लांबचं बारीक काम. ६६०० वर नवीन एफएसआर ४ अधिकृतपणे मिळत नाही, जुन्यावरच भागवावं लागतं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे रेंडर करत असाल तर तिथेही एनव्हिडियाचंच पारडं जड आहे.

एवढं सगळं कळत असताना मी ३०५० ६ जीबीच घेणार होतो, जवळजवळ ठरलंच होतं. केबल नको, एसएमपीएस नको, डोक्याला ताप नको.

मग मावसभावाने त्याच्याकडे पडून असलेलं एक कार्ड मला तीन आठवडे वापरायला दिलं. ते ३०५० नव्हतं, त्याच्या आधीचं दुसरंच होतं, पण मेमरी ६ जीबी आणि वेगही साधारण त्याच पट्ट्यातला. म्हटलं अंदाज तरी येईल.

पहिले दोन दिवस मी खूष. १०५० टीआयवरून येणाऱ्याला काहीही दिलं तरी स्वर्गच वाटतो, जिथे सेकंदाला ३५ फ्रेम मिळत होत्या तिथे ६० च्या वर. पण मग एक गोष्ट लक्षात यायला लागली. आमचा चार जणांचा ग्रुप रात्री जेवणं उरकून खेळायला बसतो, मोठा ओपन वर्ल्ड गेम, दोन अडीच तास. पहिला तास मस्त. मग साधारण तासाभराने गाडी घेऊन शहरात शिरलो की बारीकसा झटका बसायचा. मग दुसरा. मग प्रत्येक वळणावर. आणि भिंतींवरची टेक्श्चर (पृष्ठभागावरची बारीक चित्रं) उशिरा यायची, आधी चिखल फासल्यासारखी भिंत आणि मी जवळ जाऊन उभा राहिलो की दोन सेकंदांनी विटा दिसणार. काउंटरवर सरासरी फ्रेम अजून ५५-६० च दाखवत होता, म्हणजे कोणी बेंचमार्क काढला असता तर म्हणाला असता सगळं छान आहे. गेम बंद करून परत चालू केला की पुन्हा तासभर ठीक. बाकीचे तिघं लॉबीत थांबलेत आणि मी म्हणतोय "थांबा रे, रीस्टार्ट करून आलो", हे रोज रात्री एकदा तरी.

हे का होतं ते समजल्यावर मला निर्णय सोपा झाला. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की उरलेला डेटा पीसीच्या रॅममधे जातो आणि लागेल तेव्हा पीसीआयईच्या वाटेने परत आणावा लागतो. आता ३०५० ६ जीबी स्वतःच्या मेमरीशी १६८ जीबी प्रति सेकंदाने बोलतं. तेच बोर्डाशी ८ लेनने जोडलं जातं, आणि पीसीआयई ३ वर ८ लेन म्हणजे साधारण ८ जीबी प्रति सेकंद. १६८ कुठे आणि ८ कुठे! मेमरी पुरली तर प्रश्नच नाही, पण जरा उतू गेली की थेट त्या चिंचोळ्या बोळात, आणि तो झटका तिथला असतो. जुन्या बोर्डावर हे जास्त जाणवतं कारण बोळ अजून चिंचोळा.

टेक्श्चर हायवरून मीडियमवर आणली की झटके जातात, हो जातात. पण मग प्रत्येक नवीन गेम टाकला की पहिली वीस मिनिटं सेटिंगमधे तो मेमरीचा पट्टा बघत बसायचं, हे कमी कर, ते कमी कर, लाल झाला, परत कमी कर. फ्रेम जनरेशन (मधल्या जास्तीच्या फ्रेम बनवून घालायची सोय) चालू केलं तर ते पण वरून मेमरी खातं. मला हा ताप नको होता. खेळायला मिळतात दोन तास, त्यातला अर्धा तास मला कार्डाची मनधरणी करण्यात घालवायचा नव्हता. फ्रेम दहा कमी मिळाल्या असत्या तरी मी चालवून घेतलं असतं, हे नाही चाललं.

म्हणून ६६००. ऑक्टोबर २०२१ चं कार्ड आहे, नवं नाही, पण ८ जीबी, २२४ जीबी प्रति सेकंद, १३२ वॅट. ३०५० ६ जीबीपेक्षा साध्या वेगातही ते स्पष्टपणे पुढे आहे, पण माझ्यासाठी खरी गोष्ट ही की त्याच गेममधे, त्याच शहरात, हाय टेक्श्चरवर, तीन तास बसलो तरी रीस्टार्ट करावं लागलं नाही. ८ जीबी पण काही कायमची पुरणार नाही, काही नवे गेम आताच तिच्याही काठाला लागलेत, अल्ट्राच्या नादी लागलात तर तिथेही रडगाणं सुरू होईल. पण १०८० पी ला हाय सेटिंगवर सध्या मला श्वास घ्यायला जागा आहे.

एसएमपीएसचं मात्र करावं लागलं. माझा जुना कॅबिनेटबरोबर आलेला होता, स्टिकरवर ४५० वॅट लिहिलेलं, पण ग्राफिक्स कार्डाची केबलच नाही. काही जण साटाच्या (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरवरून ८ पिन बनवणारा अडॅप्टर लावतात, कृपा करून ते करू नका. साटा कनेक्टर १२ व्होल्टला जेमतेम ५४ वॅटसाठी बनलेला असतो आणि ८ पिनवर कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं, प्लॅस्टिक वितळल्याचे फोटो उगाच फिरत नाहीत. ६६०० ला एएमडी ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, मी चांगल्या दर्जाचा ५५० चा घेतला, आणि तो खर्च मी कार्डाच्या खात्यात धरत नाही कारण पुढचं कार्ड येईल तेव्हाही तोच चालणार आहे. हे माझं मत झालं, ज्याचं बजेट अगदी काठावर आहे त्याला हे पटणार नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. बदलायला मला दीड तास लागला, त्यातला पाऊण तास केबली नीट ओवण्यात.

६६०० च्या बाजूची भीती पण सांगतो. २०२५ च्या शेवटी एएमडीने आरडीएनए १ आणि २ या कार्डांच्या पिढ्यांचे ड्रायव्हर वेगळ्या शाखेत टाकले, ६६०० त्यातच येतं, आणि सगळीकडे ओरड झाली की सपोर्ट संपला. मीही दचकलो होतो. नंतर कंपनीने खुलासा केला की नव्या गेमसाठीचं काम चालू राहील. माझे गेम आत्तापर्यंत व्यवस्थित चाललेत. पण चार पाच वर्षं कार्ड बदलायचंच नाही असं ठरवलं असेल तर ही गोष्ट मनात धरा, आणि बजेट थोडं ताणता येत असेल तर २०२३ मधलं आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६० बघा. ४०६० तर ११५ वॅटच घेतं. दोन्हीत ८ जीबीच आहे, लेनही आठच, त्यामुळे मेमरीचं वरचं सगळं गणित तेच राहतं, फक्त वेग आणि ड्रायव्हरचं आयुष्य वाढतं.

रे ट्रेसिंगबद्दल (प्रकाश, सावल्या खऱ्यासारख्या दाखवायची सोय) मी काही म्हणत नाही, या वजनाच्या दोन्ही कार्डांवर मी ते बंदच ठेवलं असतं.

मग ३०५० ६ जीबी कोणी घ्यावं? ज्याचा एसएमपीएस बदलताच येत नाही त्याने डोळे झाकून घ्यावं. जो मुख्यतः वॅलोरंट, सीएस २ असे गेम खेळतो, ज्यांना एवढी मेमरी लागतच नाही, त्यानेही. माझ्या एका मित्राचा ऑफिसमधून निघालेला बारीक पीसी आहे, त्याला मी हेच घ्यायला सांगितलं आणि तो समाधानी आहे. पण तुमचं कॅबिनेट साध्या मापाचं असेल आणि मोठे गेम रात्री निवांत दोन तीन तास खेळायची सवय असेल, तर केबल वाचवण्यासाठी मेमरी सोडू नका असं मला वाटतं.

घ्यायच्या आधी आज रात्रीच पीसीचं एका बाजूचं झाकण उघडा. एसएमपीएसमधून सुटी लोंबणारी ६+२ पिनची (म्हणजे तीच ८ पिनची) केबल आहे का बघा, बऱ्याचदा ती वापरात नसते म्हणून मागे कोंबलेली असते आणि माणूस उगाच समजून चालतो की आपल्याकडे नाही. मग कार्ड मावेल ना ते बघायला स्लॉटपासून पुढच्या पंख्यापर्यंत टेपने अंतर मोजा. आणि एनव्हिडियावरून एएमडीवर जाणार असाल तर जुना ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) साफ करताना नेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज मधेच स्वतःहून एखादा ड्रायव्हर टाकून मोकळी होते आणि मग दोघांची भांडणं आपण सोडवत बसतो.