योद्धे संत पाहायला थेस्सलोनिकी की कारिये?

बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातल्या) चर्चमधले लष्करी संत, म्हणजे संत मानले गेलेले सैनिक, निवांत बघायचे आहेत, पण रजा तुटपुंजी. अशा वेळी ग्रीसमधलं थेस्सलोनिकी शहर धरावं की इस्तंबूलचं कारिये हे जुनं चर्च? मी दोन्ही बघितलंय. मत हौशी माणसाचं आहे, एवढं धरून चाला.

थेस्सलोनिकीत दोन जागा: रोटुंडा, म्हणजे घुमटाची गोल इमारत, आणि संत दिमित्रिओस या सैनिक-संताची बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च. दोन्हीकडे सैनिक आहेत, पण अंगावर चिलखत नाही. रोटुंडाच्या घुमटात सोनेरी महालांपुढे हुतात्मे हात पसरून प्रार्थनेला उभे आहेत. शेजारी प्रत्येकाचं नाव, पेशा आणि स्मरणाचा महिना. लिओ सैनिक, दामियन वैद्य, फिलेमॉन चक्क बासरीवाला, आणि मान सगळ्यांना सारखाच! बॅसिलिकेत 1917 च्या आगीतून वाचलेल्या मोझेकमध्ये (बारीक रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांत) खुद्द दिमित्रिओसही दरबारी झग्यात दिसतो. 'आधी हुतात्मा, मग योद्धा' हा जुना विचार ज्याला बघायचाय, त्याला याहून चांगली जागा मी सुचवू शकणार नाही.

माझी अडचण एकच, उंची. सुमारे 24 मीटर रुंदीचा तो घुमट, आणि हे लोक पार वर. जे पेशे वाचायला म्हणून गेलो, ती अक्षरं खालून लागेनात. दुर्बीण लावली की हात थरथरतो, काढली की नुसतं सोनं चमकतं. शेवटी मान अवघडली आणि मी बाकावर बसून पुस्तकातला फोटो बघितला. एवढ्या लांब येऊन!

कारियेत नेमकं हेच सुटतं. थिओडोर मेटोखितीस या बायझंटाइन मंत्र्याने 1315 ते 1321 च्या सुमारास सजवून घेतलेल्या या चर्चला दक्षिणेकडे दफनाचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, आहे. त्याच्या भिंतींच्या खालच्या पट्ट्यात जॉर्ज, दिमित्रिओस, थिओडोर नावाचे दोन संत, प्रोकोपियस असे पुरुषभर उंचीचे वीर उभे आहेत, थडग्यांच्या कोनाड्यांच्या आजूबाजूला, पहाऱ्यावर असावेत तसे. चेहरे मान न ताणता दिसतात. चिलखताच्या एकावर एक चढवलेल्या पट्ट्या, त्यांच्या कडांना दिलेली पांढरट रेघ, सगळं जवळून. शिवाय गर्दीचा त्रास कमी. येणारा प्रत्येक जण आदम आणि हव्वेला थडग्यांतून खेचून काढणाऱ्या ख्रिस्ताचं चित्र टिपायला मोबाइल वर धरून असतो.

खोट काढायचीच तर ही भित्तिचित्रं, मोझेकची झळाळी यांना नाही. रंगही जागोजागी उडालाय. 2024 पासून इथे मशीद आहे, त्यामुळे नमाजाच्या वेळा बघाव्यात, शुक्रवार टाळावा. परदेशी पाहुण्यांचं तिकीट माझ्या मते जरा जास्तच आहे.

ग्रीसला एरवीही जाणार असाल तर रोटुंडा चुकवू नका, दुर्बीण मात्र चांगली न्या. पण केवळ या वीरांसाठी विमानाचं एकच तिकीट काढायचं झालं, तर मी इस्तंबूलचं काढेन.