आठ महिने डायलिसिसच्या फेऱ्या: मावशी-मामांचा अनुभव

माझ्या सासऱ्यांना, आबांना, एप्रिलपासून जळगावच्या एका खाजगी दवाखान्यात डायलिसिस सुरू आहे. मंगळवार आणि शुक्रवार, प्रत्येक वेळी चार तास. आम्ही चोपडा तालुक्यातले. पहाटेची एसटी धरायची, तापीचा पूल ओलांडेपर्यंत उजाडतं. आबा ७६ वर्षांचे, त्यांना तिकीट नाही, मला अर्धं. मिस्टर केळीच्या बागेत अडकलेले, म्हणून सोबतीला मीच. डॉक्टर चांगले आहेत, मशीनही व्यवस्थित चालतात, त्यावर जास्त लिहीत नाही. आम्हाला आठ महिने तारून नेलं ते तिथल्या मावशींनी आणि मामांनी, म्हणजे वॉर्डातल्या आया आणि वॉर्डबॉयने.

डायलिसिसच्या आधी आणि नंतर वजन करतात. दोन फेऱ्यांच्या मधे अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून कळतं. डॉक्टरांनी आबांना चहा, वरण, ताक सगळं धरून दिवसाला एक लिटरच्या आत राहायला सांगितलंय. मे महिन्यात एकदा काटा साडेतीन किलो जास्त दाखवायला लागला. सिस्टर रागावल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. आबा मान खाली घालून गप्प. मामांनी खाली बसून त्यांच्या पायात चप्पल सरकवली आणि हळूच विचारलं, "आबा, लगीन व्हतं का?" मग आबांनी सगळं सांगितलं, शेवभाजीचा रस्सा, वर दोन ग्लास मठ्ठा. तेव्हापासून काय खाल्लं-प्यायलं ते आबा मामांना आपणहून सांगतात, आणि मामा ते सिस्टरांच्या कानावर घालतात.

दुसरी गोष्ट लिहायला जरा संकोच वाटतो. आबांना अजून थोडी लघवी होते. हातात सुया, उठता येत नाही, आणि शेजारी बसलेली सून. ते मला कसं सांगणार? तिसऱ्या-चौथ्या फेरीला मामा माझ्याकडे आले, "ताई, खाली जाऊन फाईलवर शिक्का मारून आणता का?" मी गेले. शिक्का सकाळीच मारलेला होता. काउंटरवर फाईल उघडल्यावर माझ्या लक्षात आलं. वर आले तेव्हा पडदा बाजूला केलेला होता आणि आबा मोकळ्या चेहऱ्याने पडले होते. आता मामा बेडजवळ आले की मी आपणहून उठते.

मावशींचं काय सांगू. बाहेर ४४ डिग्री आणि आत आबा कुडकुडतात, कारण रक्त नळीतून फिरून येईपर्यंत अंग गार पडतं. मावशी घरून येतानाच जुनी सुती चादर आणतात, ती आधी अंगावर, त्यावर दवाखान्याचं ब्लँकेट. पण फिस्टुलाचा हात, म्हणजे ज्यात डायलिसिसच्या सुया टोचतात तो, झाकत नाहीत. सुई सरकून रक्त आलं तर लगेच दिसलं पाहिजे, हे सिस्टरांनी सांगितलेलं त्यांनी पक्कं धरलंय. त्या हाताची फक्त बोटं एका पंच्यात गुंडाळतात. एकदा फरशी पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, "आबा आज बोलत नाहीयेत." मी म्हटलं झोपलेत. त्यांनी ऐकलं नाही, सिस्टरांना हाक मारली. बीपी एकदम खाली आलं होतं. सिस्टरांनी पाय उंच केले, सलाईन दिलं, दहा मिनिटांत आबा बोलायला लागले. मला अजून तो दिवस आठवला की पोटात गोळा येतो.

केळीत पोटॅशियम जास्त, म्हणून आबांना केळी बंद. आयुष्यभर केळी पिकवलेला माणूस. श्रावणात त्यांनी हट्टाने बागेतली एक फणी स्टाफसाठी आणली. मावशींनी ती कपाळाला लावून घेतली आणि आत नेऊन ठेवली. आबा घरी निघेपर्यंत कुणीही त्यातलं केळं सोललं नाही.

सगळंच गोड नाही. योजनेच्या काउंटरवर सुरुवातीला फार त्रास झाला. महात्मा फुले जन आरोग्य योजना, गावात अजून जीवनदायीच म्हणतात. रेशनकार्ड आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक, त्यासाठी तिथल्या माणसाने आबांना सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं. आरोग्यमित्र ताईंनी नंतर अर्ध्या तासात कागद मार्गी लावले. लिफ्ट बंद पडते, व्हीलचेअर एकच धड आहे. आणि मोठी तक्रार ही की मावशी-मामा कंत्राटावर आहेत. दिवाळीआधी पगार लांबला होता, कंत्राटदार बदलला, आणि मावशींना तिसऱ्या मजल्यावर टाकलं. ज्या माणसाला कुठला पेशंट कधी गप्प होतो हे कळतं, त्याला असं उचलून दुसरीकडे ठेवणं मला अजिबात पटलेलं नाही. मी तसं लेखी दिलंय, उत्तर आलेलं नाही.

कुणी आपल्या माणसासाठी सेंटर शोधत असेल तर एक दिवस सकाळी दहाच्या सुमारास जाऊन नुसतं बाहेरच्या बाकावर बसा. पेशंटला नावाने हाक मारतात की बेड नंबरने, ते ऐका. आम्ही तर जवळचं सेंटर मिळत असूनही इथेच येतोय.

मावशी अजून दोन्ही दिवस चहाच्या सुट्टीत जिन्याने खाली उतरतात. आबांच्या बोटांना पंचा आहे का, तेवढं बघतात आणि परत वर जातात.