खुब्याचं हाड मोडलं: स्क्रू, रॉड की नवा सांधा?

म्हातारं माणूस पडलं की घरच्यांच्या हातात आधी इम्प्लांटच्या किमतींचा कागद येतो. तो जरा बाजूला ठेवा आणि एक्स-रे समोर धरून डॉक्टरांना विचारा: मांडीचं हाड सांध्याच्या आत, मानेपाशी (वरच्या गोल टोकाखालच्या, म्हणजे ‘बॉल’खालच्या निमुळत्या भागात) मोडलंय की त्याखाली, ट्रोकँटरपाशी (हाडाच्या उंचवट्यापाशी)? अर्धा निर्णय इथेच होतो.

मानेपाशी मोडलं, पण तुकडे जागेवर असतील तर दोन-तीन स्क्रूंवर भागतं. तुकडे सरकले असतील तर सत्तरीपुढे स्क्रूच्या नादी लागू नये. बॉलला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेला चिकटून वर जातात. हाड सरकलं की त्या तुटतात, बॉल निकामी होऊ शकतो आणि पुन्हा ऑपरेशनची पाळी येते. त्यापेक्षा बॉल बदललेला बरा.

मग अर्धा सांधा की पूर्ण? अर्ध्यात फक्त बॉल बदलतात, तो ज्यात फिरतो ती वाटी स्वतःचीच राहते. आपल्याकडे याला सर्रास ‘बायपोलर’ म्हणतात. पूर्ण सांध्यात वाटीही नवी. महाग ते चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या ‘हेल्थ’ या सुमारे 1500 रुग्णांच्या चाचणीत, दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण दोन्हीकडे 8 टक्क्यांच्या आसपासच होतं. हालचालीत पूर्ण सांधा किंचित सरस ठरला, पण तो निखळण्याची भीती जास्त. रोज फिरायला जाणारे, बाजारहाट स्वतः करणारे आजोबा असतील तर पूर्ण सांध्याचा विचार जरूर करा. घरातल्या घरात काठीने चालणाऱ्या आजींना अर्धा पुरे. सांधा निखळू नये म्हणून खाली बसू नका, मांडी घालू नका, हे ज्यांच्या लक्षातच राहणार नाही त्यांना तर अर्धाच.

सिमेंटने बसवलेला सांधा या वयात सहसा उजवा. ठिसूळ हाड सांध्याभोवती पुन्हा मोडण्याचा धोका कमी होतो. मात्र सिमेंट भरताना ब्लड प्रेशर एकदम उतरू शकतं. हृदय कमजोर असेल तर भूलतज्ज्ञांशी आधीच बोला.

ट्रोकँटरपाशी रक्तपुरवठा चांगला असतो, हाड जुळतं. प्रश्न फक्त ते धरून ठेवण्याचा. साधं, दोन तुकड्यांचं फ्रॅक्चर असेल तर डीएचएस, म्हणजे प्लेट आणि मोठा स्क्रू, रॉडइतकंच काम देतं आणि बहुधा स्वस्त पडतं. भेग उलटी तिरकी गेली असेल किंवा खाली मांडीत उतरली असेल तर पीएफएन, म्हणजे हाडाच्या पोकळीतला रॉडच हवा. हल्ली सरसकट रॉड घातला जातो, म्हणून ‘आमच्या पेशंटला प्लेट का चालणार नाही?’ हे विचारायला संकोच करू नका.

आणि पायाला वजन लावून महिना-दीड महिना झोपवून ठेवणं? बेडसोर, न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या. माणूस अगदी अखेरच्या आजारात असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ऑपरेशन 24 ते 48 तासांत उरकावं.