लॅमिंग्टन रोड की मनीष मार्केट? हातात एकच शनिवार असेल तर

सकाळच्या गाडीने मुंबईत उतरायचं, इलेक्ट्रॉनिक्सची खरेदी उरकायची आणि उरलेल्या वेळात जुनी मुंबई पायी बघायची, असा बेत असेल तर जोड्या दोन. लॅमिंग्टन रोड आणि गिरगाव, नाहीतर मनीष मार्केट आणि क्रॉफर्ड मार्केट.

मोबाइलची कव्हरं, केबली, इअरफोन घाऊक हवे असतील तर मनीष मार्केटच. सीएसएमटीहून चालत जाता येतं. घासाघीस करा, आणि मोठ्या ब्रँडचा चार्जर फारच स्वस्त मिळाला तर तो अस्सल नाही हे धरूनच घ्या. जवळच १८६९ची क्रॉफर्ड मार्केटची इमारत आहे, कागदोपत्री महात्मा जोतिबा फुले मंडई. दारावरची कोरीव शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची, पण मान वर करून ती बघायची तर धक्के खायची तयारी ठेवा.

आयसी (सर्किटमधली चिप), रेझिस्टर, सोल्डरिंगचं सामान, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), सीसीटीव्ही, लॅपटॉपचे सुटे भाग असं काही हवं असेल तर मात्र ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारा. मागे मी चिठ्ठीवर आयसीचा नंबर लिहून दिला, तर काउंटरवरच्या काकांनी वळूनही न बघता हात मागे नेला आणि भिंतीवरच्या शेकडो खणांतला नेमका तोच खण ओढला. भाव तीन दुकानांत विचारा, पक्कं बिल मागा. ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे तिथेच लावून बघा. पायरी उतरलात की ती संपली. रविवारी बहुतेक शटर खाली असतात.

खरेदी झाली की मेट्रो ३ने एकच स्टेशन पुढे गिरगाव. खोताची वाडी तिथून जवळ. दादोबा वामन खोतांच्या नावाची ही वाडी, बाहेरून लाकडी जिने आणि ओटे असलेली ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांची घरं. आता मोजकीच उरलीत. लोक तिथे राहतात, तेव्हा कॅमेरा खिडकीत खुपसू नका. केशवजी नाईक चाळही याच गिरगावात, तिथला गणपती १८९३पासूनचा.

माझं मत उघड आहे: घाऊक माल नको असेल तर गिरगावचीच जोडी घ्या. वाडीतले वेफर्स घ्यायला विसरू नका, फक्त पिशवीत मल्टीमीटर खाली आणि वेफर्स वर.