उंदरांसाठीची ॲक्रिलिक बंधननळी : वापरानंतरचा अभिप्राय
दीर्घकालीन ताणाच्या प्रयोगांत उंदराला रोज ६ तास, असे २१ दिवस, ज्या पारदर्शक नळीत ठेवतात, ती आमच्या प्रयोगशाळेतील नळी धुण्यास सोपी आहे आणि तिला हवेची छिद्रेही पुरेशी आहेत. मागचा अडसर मात्र सैल आहे. चपळ उंदीर आतच उलटा फिरतो आणि त्या दिवसाची नोंद वाया जाते. अशा बंधनाने हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाच्या) सीए३ या उपभागातील चेतापेशींच्या शाखा आखडतात, तर बंगळूरच्या एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) या संशोधन संस्थेतील २००२ च्या अभ्यासात, रोज २ तासांच्या आणि १० दिवसांच्या अधिक कडक बंधनानंतर, अमिग्डालामध्ये (मेंदूतील भीतीशी निगडित भागात) या शाखा उलट वाढलेल्या आढळल्या. एकाच मापाच्या नळ्या मागवू नयेत. वजन वाढलेल्या उंदराला तिसऱ्या आठवड्यात नळी आवळते, आणि मग आपण ताण मोजतो आहोत की वेदना, हे सांगणे कठीण होते.